ओली चादर ४० न्यूटनची, मग दोरीत २०० न्यूटन ताण कसा?

अकरावी सायन्स, सोलापूर
गच्चीवर ४ मीटर अंतराने दोन हुक, मध्ये दोरी. धुतलेली सोलापुरी चादर घडी करून बरोबर मधोमध टाकली. ओली चादर ४ किलो, म्हणजे वजन ४० न्यूटन (जी = १० धरून). दोरीच्या दोन बाजू, म्हणून प्रत्येकीत २० न्यूटन ताण असं मी काढलं. उत्तरात २०० आहे. झोळ २० सेंमी दिलाय. दहापट फरक कसा काय?

भौतिकशास्त्र शिकवतो
तू दोन्ही ताण अदिश राशींसारखे, म्हणजे दिशा न धरता नुसत्या आकड्यांसारखे मिळवलेस. तशी बेरीज दोन्ही बलं एकाच दिशेला असतील तरच चालते.

चादर जिथे टेकते त्या बिंदूवरची बलं काढ: वजन खाली, दोन ताण तिरके वर. ताणांचे आडवे घटक विरुद्ध दिशांना असल्याने रद्द होतात. चादर पेलतात ते फक्त उभे घटक. तुझे २० न्यूटन म्हणजे हा एका बाजूचा उभा घटक. अर्ध्या दोरीचा काटकोन त्रिकोण घे: पाया २ मीटर, उंची ०.२, कर्ण २.०१. साइन (उंची भागिले कर्ण) साधारण ०.१. ताण × ०.१ = २०, म्हणून ताण २०० न्यूटन.

पेपरात हमखास चुकतं ते इथे: कोन उभ्या रेषेपासून मोजतात आणि तरी साइनच लावतात. आधी आकृतीत कोन दाखव, मग साइन की कॉस ते ठरव.

आता झोळ ५ सेंमी कर. साइन ०.०२५, ताण ८०० न्यूटन! हुकाला खाली ओढणारं बल तेवढंच, २०; भिंतीतून बाहेर खेचणारं मात्र जवळजवळ ८००. दोरी ताठ बांधली की हुक उपटतात ते यामुळे.

प्रयोगशाळा सहायक
पडताळून बघ. दोन स्प्रिंगकाटे आणि १ किलोचं वजन घे. दोऱ्या सरळ उभ्या असताना प्रत्येक काटा अर्धा किलो दाखवेल, दोऱ्यांमध्ये १२० अंश केलेस की पूर्ण १ किलो. काटा तिरका धरला की शून्य सरकतं, तेव्हा ज्या कोनात वापरणार त्याच कोनात आधी शून्य तपास.

अकरावी सायन्स, सोलापूर
समजलं सर. पण दिशा विद्युतधारेलाही असते, मग ती अदिश का?

भौतिकशास्त्र शिकवतो
नुसती दिशा असून भागत नाही, बेरीज समांतरभुज चौकोनाच्या नियमाने, म्हणजे दोन राशींमधल्या कोनानुसार बदलणारी व्हावी लागते. एका जोडाला २ आणि ३ अँपिअर आले तर तारांमधला कोन काहीही असो, पुढे ५ अँपिअरच जातात.

प्रयोगशाळा सहायक
वरच्या गणितात भार मधोमध धरलाय, हे विसरू नकोस. तोच ४० न्यूटन भार दोरीभर सारखा पसरला तर २० सेंमी झोळाला ताण निम्मा, साधारण १०० न्यूटन येतो.