मॅनेटी पाण्यात सोडली की काम संपलं?

हरिपूरकर
तासगावच्या भाऊंची मॅनेटीवरची (म्हणजे पाण्यात राहणारं, गवत खाणारं मोठं जनावर) पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे, "अमेरिकेत जखमी मॅनेटी बरी करून सोडतात आणि मग शेपटीला ट्रान्समीटर बांधून बोटी घेऊन तिच्यामागं हिंडतात, पैसा उतू चाललाय. सोडली ना, संपलं."

संपलं कसं? तान्हेपणी आई मेलेलं पिल्लू बाटलीच्या दुधावर टाकीत वाढतं. आई असती तर दोनेक वर्षं तिच्यामागं फिरून त्याला कळलं असतं की थंडीत कुठल्या झऱ्याला जायचं. एवढं चार-पाचशे किलोचं धूड, पण पाणी २० डिग्रीच्या खाली गेलं की गारठून आजारी पडतं, मरतं सुद्धा. म्हणून फ्लोरिडात बऱ्याचदा थंडीतच सोडतात, ब्लू स्प्रिंग या झऱ्यासारख्या ठिकाणी, तिथलं पाणी बारमाही २२ डिग्रीच्या आसपास आणि रानातल्या मॅनेटी आधीच जमलेल्या, त्यांच्याबरोबर राहून शिकावं म्हणून. २०२३ च्या फेब्रुवारीत एका दिवसात १२ सोडल्या तिथं. आता त्या शिकल्या का नाही हे न बघता कळणार कसं? निदान एक हिवाळा तरी मागं राहावंच लागतं, वजन उतरलं तर परत धरून आणावं लागतं. हे उपचारातच धरायचं, चोचले म्हणायचे नाहीत.

तासगावचा बागायतदार
लेक्चर झालं का? आता माझं ऐका. २०२१ ला तिकडं सुमारे ११०० मॅनेटी मेल्या एका वर्षात. त्यातल्या कितीतरी उपाशी, कारण फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या खाऱ्या सरोवरातलं गवतच घाण पाण्यानं गेलं. मग सरकारनं काय केलं तर लेट्यूस टाकला, हजारो किलो. गवत का मेलं तर खतं आणि सांडपाणी. ते थांबवायला कुणी नाही आणि शेपटीला जीपीएस बांधायला सगळे हजर. मेल्यावर कुठं मेली ते नकाशावर दिसणार, एवढाच फायदा.

आणि २० डिग्रीला गारठतंय म्हणे! महाबळेश्वरला आणा एकदा, चार दिवसात स्वेटर मागंल.

टॅम्पातला सांगलीकर
इथं राहतो म्हणून सांगतो. क्रिस्टल रिव्हरला कायाक घेऊन गेलो होतो, समोर पाण्यावर काहीतरी काठीसारखं उभं तरंगत होतं, मला वाटलं कुणाचा मासेमारीचा गळ असेल, हात घालणार तेवढ्यात ते आपोआप पुढं सरकलं. खाली मॅनेटी! पट्टा शेपटीच्या बुडाशी, जिथं अंग निमुळतं होतं तिथं, त्याला लवचिक दोरी आणि टोकाला ट्रान्समीटर. त्यावर फोन नंबर असतो, हात लावू नका म्हणून लिहिलेलं असतं. कुठं अडकलंच तर मुद्दाम कच्चा ठेवलेला जोड तुटतो, जनावर सुटतं. म्हणजे गळ्यात साखळी घातलीय असला प्रकार नाही.

पण भाऊ म्हणतात तसं बोटी घेऊन मागं हिंडावं लागतं, हे खरंय. जनावर खोल गेलं की ट्रान्समीटर पण बुडतो आणि सिग्नल बंद. म्हणून तर माणसं अँटेना घेऊन बोटीनं जातात, डोळ्यानं बघतात की खातीय का, दुसऱ्या मॅनेटींबरोबर आहे का, पाठीवर नवीन जखम आहे का. नुसत्या ठिपक्यावरून ते कळत नाही.

मिरजेची लेक
म्हणजे टाकीतून बाहेर पडली तरी मागं माणसं आहेतच. आपल्याला बरं वाटावं म्हणून त्या जिवाला किती छळायचं? माझ्या मांजरीला ऑपरेशननंतर गळ्यात ते भोंग्यासारखं घातलं होतं, दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही तिनं. मुकं जनावर सांगणार कुणाला.

हरिपूरकर
ताई, मांजर घरात होती म्हणून तुम्हाला दिसलं की ती पाणी पीत नाही. तेच तर म्हणतोय मी.

भिलवडी घाट
मॅनेटी राहू द्या हो, ती गवत खाती. आपल्या कृष्णेतल्या मगरीचं बोला की कुणीतरी! आमच्या चुलत्यांची म्हैस पाण्यात बसली होती, नाकाडाला धरलं मगरीनं. म्हैस वाचली पण नंतर नदीकडं न्यायची म्हटलं की दावं तोडायची. मग कधीतरी पिंजरा लावतात, मगर पकडतात, टेम्पोत घालून नेतात, फोटो काढतात. सोडली कुठं ते विचारलं की "सुरक्षित अधिवासात". आणि दोन महिन्यात तीच मगर परत त्याच वाळूवर पसरलेली.

हरिपूरकर
तीच कशावरून? खूण ना पट्टा, तू काय तोंडावरून ओळखतोस व्हय?

भिलवडी घाट
व्हय, ओळखतो! शेपटीवरचे दोन काटे तुटल्यात तिच्या. सांगलीत पुलावरनं मगर बघणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. आमची मोटर नदीत हाय, रात्री लाईट आली की आम्हीच पाण्यात उतरतो, तुम्ही न्हाई.

वाई मास्तर
शांत व्हा. भिलवडीकर म्हणतात ते अशक्य मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून लांब नेऊन सोडलं होतं, २००७ साली त्यावर पेपर आला. त्यातली एक केप यॉर्कच्या एका किनाऱ्यावरून उचलून दुसऱ्या किनाऱ्याला सोडली, तर अख्ख्या भूशिराला वळसा घालून सुमारे ४०० किलोमीटर पोहत तीन आठवड्यांच्या आत स्वतःच्या जागी हजर. आपली मगर वेगळ्या जातीची आहे हे मान्य, पण ट्रान्समीटर होता म्हणून तिथल्या लोकांना हे कळलं तरी. आपल्याकडं शेपटीच्या काट्यावर भागवायचं.

आणि बिबट्याचं उदाहरण तर घरचं आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला नर बिबट्या, आजोबा नाव ठेवलं, गळ्यात ट्रान्समीटरची कॉलर घालून माळशेजला सोडला. हायवे ओलांडत, खाडी पोहत पार मुंबईच्या नॅशनल पार्कात गेला. कॉलर नसती तर कुणी विश्वास ठेवला असता?

तासगावचा बागायतदार
मास्तर, पुढचं पण सांगा की! २०११ ला हायवेवर गाडीखाली मेला तो. कॉलरनं वाचवला का?

वाई मास्तर
नाही वाचवला. पण त्यानंतर रस्ता ओलांडायला जागा ठेवा असं म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी पुरावा आला. जुन्नरला त्याआधी बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडत होते, आणि जिथं सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेयांनी ते अभ्यासून मांडलं नसतं तर आजही "सोडला, संपलं" चाललं असतं. तुमचंच वाक्य आहे ते.

तासगावचा बागायतदार
माझं वाक्य मला ऐकवू नका. माझी कालवड नेली बिबट्यानं, पंचनाम्याला साहेब आले, म्हणे ठसे स्पष्ट नाहीत, कुत्रं असंल. कुत्रं! पन्नास फूट ओढत उसात नेली. भरपाई आली नाही ती नाहीच. तुमच्या बिबट्याचा फुल बायोडाटा आहे, माझ्या कालवडीचा कागद सुद्धा नाही.

मिरजेची लेक
मग बिबट्याला कॉलर असती तर तुमचाच पुरावा झाला असता की नाही? रात्री दोन वाजता तुमच्या गोठ्याजवळ होता, घ्या कागद. मला अजूनही तो पट्टा आवडत नाही, पण तुम्ही तुमच्याच विरोधात भांडताय.

भिलवडी घाट
आणि एक राहिलं. मगर अंडी घालती वाळूत, उन्हाळ्यात. वाळू रात्रीत उपसून नेली, आता नदीकाठाला नुसता चिखल. मग ती काठच्या मळीच्या रानात नाही शिरणार तर कुठं जाणार? ट्रॅक्टर कुणाचे ते सगळ्यांना माहितीय. त्यांच्यामागं कुणी अँटेना घेऊन फिरत नाही.

हरिपूरकर
आता कसं बोललास! तिकडं पण मॅनेटीला मारतात बोटीच. पाठीवर पंख्याचे इतके वण असतात की त्या वणांवरूनच एकेक जनावर ओळखून फोटोंची यादी ठेवलीय. म्हणजे तुझे ते दोन तुटके काटे... बरं, असू दे, ओळखत असशील.

भिलवडी घाट
असशील न्हाई, ओळखतोच.

टॅम्पातला सांगलीकर
भाऊंच्या गवताच्या मुद्द्यावर एकच. बरी होऊन सोडलेली मॅनेटी खंगायला लागली तर ते पट्ट्यामुळं लवकर दिसतं. मग एक तर तिथलं गवत गेलंय नाहीतर तिला खाता येत नाही, दोन्ही कळायलाच पाहिजे. गवत लावायचं काम पण चाललंय इकडं. एक केलं म्हणून दुसरं करायचं नाही असं थोडंच आहे.

तासगावचा बागायतदार
बरं बाबा, जिंकला तुम्ही सगळे. मॅनेटीला बांधा, मगरीला बांधा, बिबट्याला तर डबल बांधा. पण सगळ्यात आधी माझ्या द्राक्षाच्या दलालाला बांधा, माल भरून गेला तो अजून रेंजमध्ये आला नाही.

भिलवडी घाट
पांढरी बोलेरो आणि पुढचा दात सोन्याचा का? इनबॉक्सात या, आमच्या पाव्हण्याचा पण माल त्यानंच उचललाय.