जुने टेप आणि एमपीथ्री प्लेअर : चालू ठेवायचे की भंगारात द्यायचे?

पांदणवाट (धागाकर्ता)

दिवाळीची साफसफाई लागली की आमच्या वणी भागात घराघरांतून टेपरेकॉर्डर, वॉकमन, छोटे एमपीथ्री प्लेअर निघतात आणि भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊन पडतात. यातलं बरंचसं दुरुस्त होण्याजोगं असतं. ते दुरुस्त करून वापरात ठेवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हौसेखातर म्हणत नाही, खेड्यात त्याचं काम अजून संपलेलं नाही म्हणून म्हणतो.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये, सोनीचा वॉकमन आला १९७९ मध्ये. आपल्या गावांत टेप घरोघरी पोचला तो ऐंशीच्या दशकात, कॅसेटी स्वस्त झाल्यावर. रेडिओ नुसता ऐकवायचा, टेपवर मात्र आपला आवाज भरता यायचा. म्हणून आजही कुणाच्या पेटीत भुलाबाईची गाणी आहेत, कुणाकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कुठे खंजिरी भजन, कुठे गावच्या दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, अख्खी रात्र. विकत मिळणारी गाणी नेटवर सापडतील, ही सापडणार नाहीत. त्यांची प्रत एकच, आणि ती वाजवणारं यंत्र आपण किलोनं विकतोय.

दुसरी गोष्ट जागलीची. हरभरा, तूर उभी असली की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) रात्री वावरात उतरतात. माळ्यावर रेडिओ नाहीतर टेप मोठ्यानं लावून ठेवला, माणसाचं बोलणं ऐकू आलं, की जनावर बिचकतं. शेतीपंपाची लाइन रात्रीची असेल तर ओलितालाही रात्रीच जावं लागतं. दवात, चिखलात न्यायला महागाचा फोन कशाला? मोठ्या सेलचा टेप तिथे बिनघोर ठेवता येतो.

शिवाय तो उघडता येतो. चार स्क्रू काढले की मोटर, बेल्ट, फितीवरचा आवाज वाचणारं हेड डोळ्यांपुढे. आजकालचा बिनवायरचा इअरफोन बंद पडला तर त्यात हात घालायला जागाच नसते. विरोधी मतं वाचायला आवडतील.

सोल्डरगन

माझं तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा मी विरोधातच आहे.

टेप उघडता येतो हे कबूल, पण उघडल्यावर आत टाकायचं काय? फीत पुढे ओढणारा पिंच रोलर कडक झालेला, हेड घासलेलं, बेल्ट वितळलेला. नागपूरला सीताबर्डीत फिरून बेल्टचा पुडा मिळाला तरी त्यात आपल्या मापाचा असेलच असं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दोनशेत करून द्या. अर्धा दिवस त्यावर घालवायचा तर माझ्या दुकानाचं भाडं कोण देणार? तेवढ्या वेळात डिस्प्ले बसवून चार पैसे तरी मिळतात.

जागलीचं म्हणाल तर आता कुंपणाच्या तारांत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन आहे, आवाज भरून वाजवायचा भोंगा मिळतो. कॅसेटीतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवा, चार ठिकाणी ठेवा आणि यंत्राला निरोप द्या.

आणि एमपीथ्री प्लेअर तर मुळीच साठवू नका. त्यातली लिथियमची बॅटरी जुनी झाली की फुगते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात, फडताळात तो प्लेअर वर्षानुवर्षं पडून राहणं धोक्याचं आहे. फुगलेली बॅटरी दाबली, टोचली तर पेट घेऊ शकते. लोक चाकूनं कव्हर उचकटायला जातात, मला ते पाहवत नाही.

बोंडवेचा

मी पांदणवाट भाऊच्या बाजूनं. आमच्या वावरात भोंगा लावून पाह्यला. दोन-चार रात्री डुक्कर पयालं, मंग त्याले समजलं का ह्यो रोजचाच आवाज हाये. भोंगा बोंबलते अन् डुक्कर खाते. रेडिओवर दर घडीले माणूस येगळा, बोलनं येगळं, मधात गानं. त्यानं जनावर जास्त दिवस भेते. झटका मशीन चांगली हाये, पन धुऱ्यावर गवत वाढून ताराले टेकलं का तिचा जोर उतरते.

अन् एक ध्यानात ठेवा, झटका मशीनजवळ मिडियम वेव्हचा रेडिओ लावान तं टक-टक-टक आयकू येते. रेडिओ तारापासून लांब ठेवा लागते.

झाडीपट्टी

सोल्डरगन भाऊ, "उतरवा आणि यंत्राला निरोप द्या" हे बोलायला सोपं आहे. उतरवणार कशावरून? हेड मळलेलं असेल तर आवाज दबलेला येतो, बेल्ट सैल असेल तर सूर डोलतो, आणि तो डोलणारा सूर मागाहून सरळ करणं फार कठीण. म्हणजे तुमचाच मार्ग धरायचा म्हटला तरी आधी टेप दुरुस्त व्हायला हवा, आणि चांगला दुरुस्त व्हायला हवा. मी वडसा भागातला. आमच्याकडे नाटकाच्या रात्री मंडपात बसून भरलेल्या कॅसेटी आहेत, त्यामुळे हे काम मी स्वतः करतो. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी लिहितो.

सुरुवात सेलच्या घरापासून. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा. साधा झिंक-कार्बन सेल गळला असेल तर तिथे लिंबू नको, कारण ती गळती आम्लाची असते. खायच्या सोड्याच्या पाण्याचा बोळा वापरा. दोन्हीकडे नंतर ओल्या बोळ्यानं पुसून पूर्ण कोरडं करा.

हेड आणि त्याच्याजवळची फिरती चकचकीत दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. रबरी पिंच रोलरला साबणाचं पाणी पुरतं. बेल्ट वितळला असेल तर पुलीवरचा चिकटा शेवटच्या कणापर्यंत काढा, नाहीतर नवा बेल्ट घसरतो. माप घेताना आतला घेर आणि जाडी दोन्ही बघा. जुना बेल्ट ताणून वाढलेला असतो, म्हणून नवा किंचित लहान घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. ज्या टेपवर कॅसेट भरली होती त्याचा कोन वेगळा, तुमच्या टेपचा वेगळा. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी सावकाश फिरवा. बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू आले की थांबा. ज्या ओव्या पूर्वी घोंगडीखालून आल्यासारख्या वाटत होत्या, त्यांतला शब्द न् शब्द उलगडतो. ते ऐकलं की कळतं, आवाज कॅसेटीत शाबूत होता, आपलं यंत्रच त्याला दाबत होतं.

मग इअरफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये (आवाज आत घेणाऱ्या भोकात), ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, आणि फाइल आधी वेव्ह स्वरूपात, आवाज न घटवता. एमपीथ्री नंतर करा, वाटण्यापुरती. कॅसेट लावण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. फितीवर पावसाळ्यातली पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीला.

धुरा

माहिती उत्तम, पण मूळ मुद्द्यावर मी सोल्डरगनसोबत आहे. झाडीपट्टी भाऊंसारखे किती जण हे करणार? बाकीचे "पुढे कधीतरी करू" म्हणून कपाट भरून ठेवतात. पोरं घर आवरायला लागली की सगळं एकदम भंगारात, कॅसेटींसकट. मी तर म्हणतो, गावात एकच चांगला टेप पुरे. वाचनालयात नाहीतर शाळेत ठेवा, कॅसेटी उतरवा, बाकी यंत्रं त्यातल्या सुट्या भागांसाठी मोडा आणि उरलेलं नीट मार्गी लावा.

नीट मार्गी म्हणजे भंगारवाला नव्हे. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार माल बनवणाऱ्यांनी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांमार्फत विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची आहे. आमच्या गावात मात्र तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात आणि तो धूर वस्तीत शिरतो. सगळ्यांची यंत्रं एकत्र करून एका खेपेत नागपूर, अमरावतीच्या केंद्रात पोचवणं, हे काम गावानं हाती घ्यावं.

वेचणी

इतका वेळ यंत्रावर बोलणं चाललंय. ते वापरणाऱ्या बायांचं कुणी काढलं नाही.

कापूस वेचताना कमरेला ओटी, दोन्ही हात बोंडांत. बोटं घामानं, धुळीनं माखलेली, त्यांनी टच स्क्रीन चालत नाही. माझ्याकडे बटणांचा जुना एमपीथ्री प्लेअर आहे, पदराला अडकवते. न बघता गाणं पुढे ढकलता येतं. आणि खरी गोष्ट अशी की पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो. तो एकतर घरच्या माणसाच्या खिशात, नाहीतर पोरांच्या अभ्यासाला. प्लेअर माझा आहे. त्यात काय भरायचं ते मी ठरवते, त्यावर कुणाचा फोन येत नाही, कुणी हिसकून घेत नाही. धुरा भाऊ म्हणतात गावात एक यंत्र पुरे. ते कॅसेटींसाठी पुरेल, बायांसाठी नाही.

माझी अडचण एवढीच : जुनं कार्ड खराब झालं, आता दुकानात मोठीच कार्डं मिळतात आणि प्लेअर ती ओळखत नाही.

भरतीवाला

ताईंशी सहमत. पोलिस भरतीच्या तयारीला पहाटे मैदानावर धावतो. फोन नेला की धावणं कमी, नोटिफिकेशन जास्त. भावाचा जुना आयपॉड वापरतो, त्यातच चालू घडामोडी आणि सामान्यज्ञानाच्या फाइली भरल्यात. पहिला आयपॉड २००१ मध्ये ५ जीबीचा आला होता, क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला आणि शेवटचा टच २०२२ मध्ये. पण रॉकबॉक्स नावाचं मोफत फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) बऱ्याच जुन्या मॉडेलांवर चालतं. मग गाणी भरायला अॅपलचं आयट्यून्स लागत नाही, पेनड्राइव्हसारख्या फाइली टाकता येतात. हार्ड डिस्कवाल्या मॉडेलात डिस्क काढून अॅडाप्टरवर मेमरी कार्डही बसवता येतं.

सोल्डरगन

अॅडाप्टर, कार्ड आणि बॅटरी मिळून जो खर्च होतो त्यात नवा साधा प्लेअर येतो. हाताशी चालू यंत्र असेल तर वापरा, मुद्दाम विकत घेऊन जिवंत करू नका.

वेचणीताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो प्लेअर चालायलाच हवा. अगदी जुने प्लेअर २ जीबीपर्यंतचीच कार्डं घेतात, त्यानंतरचे ३२ जीबीपर्यंत. त्याहून मोठं कार्ड एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेलं येतं, ते जुन्याला वाचता येत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करून घेतलं तर कधीकधी चालतं. आधी ४ किंवा ८ जीबीचं कार्ड शोधा. ते नाही चाललं तर २ जीबीचंच लागेल, दुकानदारांकडे जुन्या फोनमधली पडलेली असतात. आणि बॅटरी : कव्हर वर उचललं जात असेल, बटणं दाबली जात नसतील तर चार्जिंग त्या दिवसापासून बंद. त्याच मापाची, संरक्षक सर्किट असलेली बॅटरी जाणकाराकडून बसवून घ्या. उन्हात, दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका. बरेच दिवस वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, पूर्ण रिकामा नको.

मेळघाटी

धारणीकडे आजही काही गावांत मोबाइलला रेंज नाही. तिथे रेडिओ म्हणजे जुनी वस्तू नव्हे, रोजची वस्तू. फोनमध्ये लांबवर पोचणारं मिडियम वेव्ह नसतंच, आणि एफएम डोंगराआड पोचत नाही. दुरुस्तीचं बोलताना रेडिओला टेपच्या मागे ढकलू नका.

पांदणवाट

धुरा भाऊ, वाचनालयात सगळ्यांसाठी एक टेप ही सूचना पटली. सुटे भाग काढून ठेवण्याचीही. पण उतरवलं की मूळ सोडून द्या, याला माझा विरोध कायम आहे. मेमरी कार्ड जातं तेव्हा एका क्षणात जातं, पूर्वसूचना न देता. मोबाइल दुकानात फॉरमॅट मारलेल्या कार्डांतून किती घरांचे आवाज गेले असतील. कॅसेट खराब होते ती हळूहळू, खरखरत, आपल्याला वेळ देऊन.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे त्यात चार विभाग आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ज्या टेपचा कारखानाच उरला नाही, त्याचा बेल्ट त्यातून मिळणार नाही. तिथे झाडीपट्टी आणि सोल्डरगन यांच्यासारखी माणसंच लागतात, आणि त्यांना त्यांच्या वेळाचे पैसे मिळाले पाहिजेत. दोनशेत करून द्या म्हणणारे आपणच आहोत.

सोल्डरगन

पैशांचं लिहिलंत, बरं वाटलं. माझं मत तरी बदललेलं नाही : जी कॅसेट चार जागी नीट उतरली, तिच्यासाठी यंत्र धरून बसण्याची गरज नाही. मात्र न उतरवलेल्या कॅसेटी असलेला टेप माझ्याकडे आला तर भंगारात द्या असं मी सांगणार नाही. बेल्टचं माप घेऊन या, सोबत एक कॅसेटही आणा, कॅसेटीशिवाय नुसत्या यंत्रावर हेडचा कोन लावता येत नाही.

झाडीपट्टी

आणि ती कॅसेट घरात भरलेलीच आणा, बाजारातली नको. ज्या आवाजासाठी दुरुस्त करायचं, कोन त्याच आवाजावर लागला पाहिजे.