शिधा पोहोचल्यानंतरचे काम
टाळेबंदीत एकाकी वृद्धांच्या दारात शिधा आणि औषधे पोहोचली की मदत करणाऱ्या संस्थेचे मुख्य काम संपते, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. २०२० मध्ये मी आमच्या गटातर्फे अशा वृद्धांना फोन करत असे. एका व्यक्तीला रोज ठरावीक वेळी एकाच स्वयंसेवकाने फोन करायचा, हा नियम सर्वांत उपयोगी ठरला, कारण नेहमीच्या आवाजातला फरक नेहमीच्याच कानाला जाणवतो. एक आजी रोज ‘सगळं ठीक आहे’ म्हणत; एके दिवशी त्यांना वार आठवेना, आणि आठवड्यापूर्वी दिलेल्या गोळ्यांचे पाकीट उघडलेलेच नाही, हे बोलता बोलता कळले. आमच्या वहीत मात्र ‘औषधे दिली’ अशी नोंद होती! फोन उचलला नाही तर दार वाजवणारा शेजारी कोण, हे त्या व्यक्तीच्या संमतीने आधीच ठरवून ठेवावे लागते.