लेकरांना गाणंही लागतं

"पोटात अन्न नाही तिथं नाचगाणं कशाला?" हा संकटातल्या लेकरांच्या मदतीबद्दलचा सवाल मला पटला नाही. आफ्रिकेतल्या युगांडा देशाच्या उत्तर भागात बंडखोरांनी हजारो लेकरं पळवून नेली, त्यांच्या हाती बंदुका दिल्या. तिथल्याच पातोंगो या विस्थापितांच्या छावणीतली मुलं २००५ साली राजधानी कंपालात राष्ट्रीय संगीत स्पर्धेला गेली, आपल्या अचोली लोकांचं ब्वोला नृत्य नाचली.

माणसानं केलेला घाव भूकंपापेक्षा खोल, हे मान्य. तरी १९९३ च्या किल्लारीनंतर पत्र्याच्या शेडात मी पाहिलंय. आई गेल्यापासून मुका झालेला एक पोरगा भजनात टाळ घेऊन बसायचा. आधी ठेका चुकायचा, पुढं हात बसला, अन् एका रात्री त्यानं पालुपद उचललं. धान्याच्या पोत्यांसोबत कुणी ढोलकी, लेझीमही धाडायला पाहिजे होती.