जुने पिक्चर परत बघितले तर खरंच तेवढे भारी निघतात का, की आपली आठवणच लबाड?

पावशेर_चिवडा

मंडळी, घरी एक उद्योग चालू केलाय. दर शनिवारी रात्री जेवणं आवरली की एक असा पिक्चर लावायचा जो आपण लहानपणी केबलवर, मामाकडच्या व्हीसीआरवर पंचवीस वेळा बघितलाय आणि ज्याच्यावरून आपण पोरांना ऐकवत असतो की बाबांनो असे पिक्चर आता होत नाहीत. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे आणि डायलॉग कुणी आधी बोलून दाखवायचा नाही, एवढ्या दोनच अटी. दुसरी अट मीच पाचव्या मिनिटाला मोडली, ते सोडा.

पहिला मान अर्थातच 'अशी ही बनवाबनवी'ला, १९८८. बघायला मी, बायको, १५ वर्षांची मुलगी आणि भाचा. भाच्याचं असं की त्याला हिंजवडीत नोकरी लागलीय आणि दीड महिना झाला तो आमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतोय, कारण बॅचलर म्हटलं की समोरचा फोनच ठेवतो. एका काकांनी तर त्याला सरळ सांगितलं, लग्न ठरलं की या. तर पिक्चरमध्ये घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चार मित्रांतले दोघं साडी नेसून बायका होतात, हे कळल्यावर हा गादीवर उठूनच बसला. मुलगी म्हणते, दादा तू कुणाला साडी नेसवणार? मला आपली धास्ती होती की घरमालक, भाडं, जिन्यातली लपाछपी हे सगळं पोरांना जुनाट वाटेल, पण झालं उलटंच, सगळ्यात आधी तेच पटलं त्यांना. आणि गोष्ट मुळात त्याहून जुनी आहे, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. म्हणजे जवळपास ६० वर्षं झाली, घरमालक हटायला तयार नाहीत.

दुसरं एक यावेळी पहिल्यांदा दिसलं. आधीच्या घरमालकाला 'तुमचे ७० रुपये वारले' सांगायचं ते प्रकरण आपल्याला तोंडपाठ आहे, पण मी आत्तापर्यंत नुसतं अशोक सराफांकडे बघत होतो. यावेळी घरमालक झालेल्या सुधीर जोशींकडे बघितलं. वाक्य कानावर पडतं आणि मग क्षणभर त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही, आणि मग हळूहळू हिशोब लागत जातो. खरं हसू तिथे येतं. रिवाइंड करून तीनदा बघितलं.

पण सगळंच गोड नाही. साडीतल्या पुरुषावरचे काही विनोद ताणल्यासारखे वाटले, गाणं लागलं की मुलगी पाणी प्यायला उठायची (पाणी बाहेरच्या खोलीतच कसं काय असतं कोण जाणे), आणि शेवटची २० मिनिटं मी धरून सगळे चुळबुळत होतो. लहानपणी हा भाग कधी कंटाळवाणा वाटल्याचं आठवत नाही, बहुतेक तोपर्यंत झोपलेलो असायचो.

तर तुमच्याकडे कुठला टिकला आणि कुठला पडला? नवे पण सांगा, पाच-दहा वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलेले.

रानजाई

बनवाबनवीवरून आठवलं. गेल्या महिन्यात नणंदेच्या डोहाळजेवणाला "कुणीतरी येणार येणार गं" लावलं होतं, सगळ्या बायका डोळे पुसतायत, सासूबाई ओटी भरतायत, आणि मला एकदम डोळ्यासमोर पिक्चरमधली पार्वती, म्हणजे पोटाला उशी बांधल्यासारखा लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) दिसायला लागला. इतकं हसू आलं की चक्क बाहेर जाऊन उभी राहिले. महाराष्ट्रातल्या निम्म्या डोहाळजेवणांना वाजणारं गाणं साडी नेसलेल्या पुरुषासाठी केलेलं आहे आणि त्याचं कुणाला काहीच नाही. याला म्हणतात टिकणं!

ऊस_आणि_उसंत

आमच्याकडं 'सामना' लावला होता, १९७५ चा, जब्बार पटेलांचा. मी हॉस्टेलवर असताना बघितलेला, तवा नुसतं निळूभाऊ फुले आणि श्रीराम लागू यांची जुगलबंदी म्हणून बघितला आणि भारी भारी करत झोपलो. आता चाळिशीत परत बघितला ते आबांसोबत. आबा आमचे साखर कारखान्यात शेतकी खात्यात स्लिप बॉय होते, सगळी हयात दुसऱ्याच्या उसाच्या पावत्या फाडण्यात गेली. त्यांनी हा कधी बघितलाच नव्हता.

पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, आवाज जरा खरखरीत, वेग बेताचा. माझा पोरगा दहा मिनिटांत उठून गेला, त्याला दोष देत नाही. पण आबा हलले नाहीत. साखर कारखानदार हिंदुराव पाटलाचा वाडा, कारखाना, पुढं-पुढं करणारी माणसं, आणि तो दारूडा मास्तर कुठनं तरी येतो आणि एकच प्रश्न धरून बसतो की मारुती कांबळेचं काय झालं. बाकी काही करत नाही. नुसतं विचारत राहतो. पहिल्यांदा बघताना मला वाटायचं आता मारामारी होणार, आता काहीतरी भानगड बाहेर पडणार. आता बघताना समजलं की हिंदुरावाला त्या प्रश्नापेक्षा जास्त त्रास याचा होतोय की पाहुणचार करून, दारू पाजून, गोड बोलूनसुद्धा हा माणूस गप्प का बसत नाही. तेंडुलकरांनी काय लिहिलंय राव. निळूभाऊ एकदाही आरडाओरडा न करता घाबरलेला माणूस दाखवतात, ते मला विशीत कळणं शक्यच नव्हतं.

"कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे" संपलं, टीव्ही बंद केला. आबा काठी शोधत उठले आणि एवढंच म्हणाले, "आमच्याकडंबी एक होता." मी म्हटलं कोण आबा? तर म्हणाले, झोप आता, सकाळी पाण्याची पाळी हाय.

अजून विचारलं नाही मी परत.

पावशेर_चिवडा

@ऊस_आणि_उसंत अंगावर काटा आला हो. विचारा की.

अर्धं_तिकीट

एवढं गंभीर नाही आमच्याकडे 😄 मी 'झपाटलेला' लावला, १९९३, पोरगा आठ वर्षांचा. तो दिवसभर कसले कसले गेम खेळतो, त्यात माणसं फाडणारे राक्षस असतात, त्यामुळे तात्या विंचू आल्यावर हसायलाच लागला, बाबा हा बाहुला आहे, तोंड बघा कसं हलतं, आतून कोणीतरी हलवतंय. मी म्हटलं अरे रामदास पाध्ये हलवतात, बोलक्या बाहुल्यांवाले. त्याला काही घेणं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं, आम्ही त्याला घाबरून गोधडीत तोंड खुपसायचो.

रात्री अकरा वाजता उठवलं त्याने मला. बहिणीची बाहुली कपाटावर बसवलेली असते, ती बाल्कनीत ठेव म्हणाला. मी ठेवली. पाच मिनिटांनी परत आला, म्हणे बाल्कनीत नको, तिथून ती खिडकीतून बघते, कपाटात ठेव आणि कुलूप लाव. तर पिक्चर टिकलाय, धन्यवाद. याच्या उलट २०१३ चा दुसरा भाग थ्रीडी होता, तो मी हौसेने थेटरात जाऊन बघितला होता, त्याच्यानंतर कुणी बाहुली हलवायला लावली नाही.

भीमाकाठ

नवे चालतील म्हणालात म्हणून सैराट. जरा लांबण लागेल, आधीच सांगतो.

२०१६ ला आम्ही सोलापुरात मित्रामित्रांनी पहिल्याच आठवड्यात बघितला. झिंगाट लागलं आणि आख्खं थेटर उभं. एकाने चिल्लर उधळली ती माझ्या डोक्यात बसली. आमच्या करमाळा भागात शूटिंग झालेलं, त्यामुळे पडद्यावर काय दिसलं की "आरं ह्यो आपला रस्ता" असं चालू. इंटरवलनंतर मात्र सगळे ढिले पडले. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाचा गाडा, भांडणं, संशय. आमच्यातला एकजण म्हणाला पहिला हाफ काढून घ्या, दुसरा कापला तरी चालेल. आणि मग तो शेवट, आर्ची-परश्याचा माहेरच्यांनी केलेला खून. आवाज बंद, ते लेकरू, ती पावलं. बाहेर पार्किंगमध्ये गाड्या काढेपर्यंत कुणी बोललं नाही.

आता दहा वर्षं होत आली. लग्न झालंय माझं, घरच्यांच्या मनाविरुद्धच, त्यामुळे बायको म्हणाली बघू तरी. आणि पहिला हाफ मला झेपेना. गाणी तीच, अजय-अतुल तेच, विहिरीतली उडी तीच, पण पुढचं माहीत असल्यावर आर्ची ट्रॅक्टर घेऊन येते ते बघून हसूच येत नाही. आणि एक सीन तर मी पहिल्यांदा बघितलाच नव्हता असं वाटलं. तो आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात बसून फोनवर बोलतोय, सर हटकतात आणि तो सरांच्या थोबाडीत मारतो. थेटरात तेव्हा शिट्ट्या पडल्या होत्या, बहुतेक मीपण वाजवली असेल, खोटं कशाला बोलू. शेवट काय होणार ते तिथंच सांगून ठेवलंय की! ज्या पोराला भर वर्गात मास्तरला मारता येतं आणि घरी जाऊन जेवता येतं, तो पुढं काय करणार. दिग्दर्शक मंजुळेंनी पत्ता दिला होता, आम्ही शिट्ट्या मारत बसलो.

आणि दुसरा हाफ, जो कापा म्हणत होतो, तोच आता खरा वाटला. भाड्याची खोली, आर्चीला सवय नसलेला वास, पैसे मोजणं, एकमेकांवर चिडून परत जेवायला एकत्र बसणं. आम्ही दोघांनी हे केलंय, पुण्यात, १० बाय १० मध्ये. बायको मध्येच म्हणाली, ही बघ, हिला पण कुकर लावता येत नव्हता. शेवटी माहेरचे येतात, सोबत भेटी, आत चहाची गडबड, तिथं बायकोने रिमोट घेतला आणि बंद केला. पुढचं बघितलं नाही आम्ही. तर टिकला का म्हणाल तर मला माहीत नाही, आम्हीच पूर्ण बसू शकलो नाही.

रानजाई

@भीमाकाठ तुमच्या बायकोने बरोबर केलं. मी पण नाही बघणार परत.

स्मृती_पण_इराणी_चहा

माझ्याकडून एक पडलेला. 'दुनियादारी', २०१३. कॉलेजात असताना माझं आख्खं स्टेटस त्यातल्या डायलॉगांवर चालायचं, आता बघितला तर कॉलेजातली पोरं पस्तिशीची वाटतात, सगळे सतत रडतात नाहीतर सिगरेट ओढतात, आणि पोरींना त्या दोस्तीत कामच काय ते कळत नाही. सुहास शिरवळकरांची कादंबरी मात्र परत वाचली तर ती अजून पकडते. शिव्या घाला, तयार आहे.

अंगणातली_तुळस

माझं जरा वेगळं. मी नाही, आईने परत बघितला. 'माहेरची साडी', १९९१. तेव्हा ती आणि आमच्या चाळीतल्या बारा बायका डबे घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या होत्या, येताना सगळ्यांचे पदर ओले. मी तेव्हा चार वर्षांची, मांडीवर. घरात त्या पिक्चरचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायचे.

दिवाळीत टीव्हीवर लागला. म्हटलं आता आई रडणार, रुमाल आणून ठेवला. आई चकली तळत तळत बघत होती. अलका कुबलवर एकेक संकट येतंय, आई झाऱ्याने चकली उलटवतेय. एका जागी गॅस बारीक केला, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "हिने एकदा तरी उलट बोलायला हवं होतं गं." मी म्हटलं तू बोललीस का कधी? म्हणाली, "म्हणूनच रडले होते ना तेव्हा." आणि गॅस मोठा केला.

पेन्शनर_प्रभात

तुम्ही सगळे १९७५ च्या मागे जायला तयार नाही म्हणून मी जातो. 'संत तुकाराम', १९३६, प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल. नातवाला दाखवायला लावला, तो इंजिनिअरिंगला आहे, त्याने आधीच सांगितलं की आजोबा वीस मिनिटं बसेन. शेवटपर्यंत बसला. विमान येतं वगैरे ट्रिक सीनला हसला, ते ठीक आहे, तेव्हाचं तंत्र आहे. पण तुकारामाच्या बायकोसाठी, जिजाईसाठी बसला. पागनीसांचा तुकाराम भजनात रमलेला आणि इकडे हिला रोजचा संसार ओढायचा, घरात खायला नाही, पोर आजारी, तर ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात पांडुरंगाला जाब विचारायला जाते. नातू म्हणाला, आजोबा, हिरो तर ही आहे. ८० वर्षांपेक्षा जुन्या पिक्चरमध्ये एक बाई देवावर वहाण उगारते आणि लोक तो भक्तिपट म्हणून वर्षाहून जास्त काळ एकाच थेटरात बघत राहिले, हे आज करून दाखवा म्हणावं कुणीतरी.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही सगळे पिक्चर टिकला का विचारताय, आधी प्रिंट टिकली का ते बघा. इंटरनेटवर जे सापडतं त्यात निम्म्या वेळा वरून डोकी कापलेली, आवाज पुढे आणि ओठ मागे, कोपऱ्यात कुणाचा तरी भला मोठा लोगो, आणि गाणी चोरीची भीती म्हणून की काय सरळ गायब. मी एक जुना पिक्चर असा बघितला ज्यात नायिका गाण्याआधी रागावलेली होती आणि पुढच्या शॉटला हसतेय, मधलं गाणंच नाही. बायको म्हणाली, केवढी लवकर विरघळली. असा बघून कंटाळवाणा म्हणायचं याला काय अर्थ आहे? पुण्यात फिल्म अर्काइव्हला, लॉ कॉलेज रोडला, मोठ्या पडद्यावर जुने खेळ बघितलेत मी, तोच पिक्चर तिथे वेगळा दिसतो. लक्ष ठेवा, काही लागलं तर सोडू नका.

अर्धं_तिकीट

@पेन्शनर_प्रभात काका गाणी कापलेल्याबद्दल शंभर टक्के. आणि रंग! सगळे १९८० च्या दशकातले पिक्चर गुलाबी झालेत, हिरोचा शर्ट, भिंत, म्हैस, सगळं गुलाबी.

पावशेर_चिवडा

भारी झाला धागा. @अंगणातली_तुळस तुमच्या आईंना नमस्कार सांगा, मी तो पिक्चर न बघताच नावं ठेवत होतो इतकी वर्षं.

या शनिवारी सामना ठरलाय. मुलगी म्हणाली ब्लॅक अँड व्हाइट असेल तर मी नाही, मग तिला जिजाईची गोष्ट सांगितली तर म्हणे मग तोच लाव ना आधी. त्यामुळे आता शनिवारी तुकाराम आणि पुढच्या शनिवारी सामना. काका, तुकारामची डोकी न कापलेली कॉपी कुठे मिळेल ते तेवढं सांगा.

भाच्याला अजून फ्लॅट मिळालेला नाही. काल एक मालकीण हो म्हणाल्या होत्या, मग संध्याकाळी फोन करून विचारलं, घरी मित्र वगैरे येतात का. याने म्हटलं नाही, फक्त माझी बायको पार्वती येते. फोन ठेवला त्यांनी.