मदत हवी आहे: ऑइल रेकॉर्ड बुकात चूक झालीय, परवा इन्स्पेक्शन आहे

फोर्थ_वास्को
नमस्कार मंडळी, घाईत आहे. परवा सकाळी पीएससी (पोर्ट स्टेट कंट्रोल, जहाज तपासणारे) येणार असं एजंटने सांगितलंय आणि ऑइल रेकॉर्ड बुकात (जहाजावरच्या तेलाच्या नोंदींची वही) माझ्या हातून एक आकडा चुकलाय. मी त्यावर व्हाइटनर लावून बरोबर आकडा लिहिला, काल चीफ इंजिनियरने ते बघितलं आणि असा भडकला की मेसमध्ये जेवायलासुद्धा आला नाही. आता पान तसंच ठेवू की काही करता येईल? लवकर सांगा प्लीज, उगीच लेक्चर नको.

निवृत्त_तारवटी
पोरा, जहाज कुठलं, टनेज किती, झेंडा कुणाचा, टँकर की माल, चूक कुठल्या कोडखाली, काहीच सांगितलं नाहीस. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणतोस.

फोर्थ_वास्को
साधं बुक हो काका, सगळ्या जहाजांवर असतं तेच.

मालीम_जेटी
सगळ्यांवर कुठे असतं? आमच्या ट्रॉलरवर असलं कसलंच बुक नाही. वापरलेलं तेल कॅनमध्ये भरतो नि जेटीवर आणून देतो, बस.

क्लास_फोर_अभ्यासू
ट्रॉलर लहान म्हणून. मार्पोल (जहाजांच्या प्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार) अनेक्स वन प्रमाणे ४०० ग्रॉस टन आणि वरच्या जहाजाला पार्ट वन लागतं, टँकर असेल तर १५० पासूनच लागतं आणि टँकरला वर पार्ट टू पण, त्यात कार्गो नि बॅलास्टच्या नोंदी. पार्ट वन म्हणजे इंजिन रूमचं. ए ते आय कोड, एकेका प्रकारच्या नोंदीला एक. (दोन महिन्यांनी माझी ओरल आहे म्हणून पाठ आहे, सॉरी.)

बार्जकर
एवढं टेन्शन कशाला. ते पान फाड, नवीन पानावर सुवाच्य अक्षरात लिहून काढ, कोण बघतंय.

निवृत्त_तारवटी
बार्जकर, असले सल्ले मांडवीत ठेवा! पानांना नंबर असतात, प्रत्येक भरलेल्या पानाखाली कॅप्टनची सही असते. पान गेलं तर चूक राहते बाजूला, पुरावा नष्ट केला असा अर्थ निघतो. खाडाखोडीने कोण मरत नाही, गायब पानाने पोरं परदेशातल्या कोर्टात उभी राहिलेली आहेत.

बार्जकर
मी आपलं सुचवलं. आमच्याकडे खनिजाच्या बार्जवर बावीस वर्षं काढली, एक नोटिस नाही आली.

शॅक_मोरजी
नोटिस येत नाही म्हणूनच तर दर मे महिन्यात काळे गोळे आमच्या वाळूवर येतात ना. तुमची बुकं नि कोड ठेवा बाजूला, गेल्या सीझनला शेवटच्या आठवड्यात सहा खुर्च्यांचं कापड टाकून दिलं मी, गिऱ्हाईक पाय पुसायला टिशू मागत होतं आणि टिशूने ते अजूनच पसरतं. कोण टाकतं हे समुद्रात? इथे एवढे जहाजवाले जमलाय, सांगा की.

सुलभा_म्हापसा
पायाला लागलेलं डांबर खोबरेल तेलाने निघतं. तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, मग सुक्या कपड्याने पुसा आणि शेवटी साबण. रॉकेल लावू नका, लहान मुलांची कातडी सोलते.

फोर्थ_वास्को
अहो माझा प्रश्न!!! २९०० टनाचं जनरल कार्गो, भारतीय झेंडा, मुरगावात उभे आहोत. चूक कोड सी खाली, स्लज (इंजिन रूमचा तेलकट गाळ) टँकची आठवड्याची नोंद. २.३ घन मीटरच्या जागी ३.२ लिहिलं. झालं समाधान?

सर्व्हे_बोट
झालं, आता बोलता येईल. पहिली गोष्ट, भारतीय झेंड्याचं जहाज भारतीय बंदरात असेल तर येणारा माणूस पीएससी करत नाही, ते फ्लॅग स्टेट इन्स्पेक्शन. पोर्ट स्टेट म्हणजे परक्या झेंड्याच्या जहाजांसाठी. एजंट लोक सगळ्यालाच पीएससी म्हणतात. बुक मात्र दोघंही त्याच डोळ्याने बघतात.

दुसरं, तुझा आकडा निरुपद्रवी नाही हे समजून घे. आधीच्या रविवारी टँकमध्ये किती होतं आणि पुढच्या रविवारी किती?

फोर्थ_वास्को
आधी २.०, पुढे २.६.

सर्व्हे_बोट
म्हणजे रोजचा स्लज साधारण ४०-४५ लिटर, तुमच्या इंजिनाला शोभेल असा. आता ३.२ धरून वाच. एका आठवड्यात १.२ वाढला आणि पुढच्या आठवड्यात वाढायच्या ऐवजी ०.६ कमी झाला. मधे इन्सिनरेटरची (जाळल्याची) नोंद नाही, किनाऱ्यावर दिल्याची पावती नाही. मग तो ६०० लिटर गेला कुठे? बघणारा हेच विचारतो. आणि त्या आकड्यावर पांढरा थर दिसला की नखाने खरवडून उजेडासमोर धरतो, मी स्वतः धरलेलं आहे. खाली ३ दिसला की चर्चा वेगळीच सुरू होते.

नियम सोपा आहे. चुकलं की एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही नि तारीख, मग बरोबर नोंद. ओळ रिकामी सोडायची नाही.

निवृत्त_तारवटी
बरोबर. पण त्याने व्हाइटनर आधीच लावलाय, आता रेघ कुठे मारणार? माझं ऐक पोरा, त्या पानाला हात लावू नकोस. आजच्या तारखेने कोड आय खाली लिही की अमुक तारखेला सी ११.३ चा आकडा चुकून ३.२ लिहिला गेला, तो करेक्शन फ्लुइडने झाकला गेला, खरा आकडा २.३. तुझी सही, कॅप्टनला दाखव, आणि साउंडिंगची (टँकमधली पातळी मोजल्याची) वही काढून ठेव. ज्या वहीत रोज सकाळी पेन्सिलीने लिहितोस ना, तेलाचे डाग पडलेली, तीच. स्वच्छ नक्कल करून ठेवू नकोस, डागवाल्या वहीवर माणूस जास्त विश्वास ठेवतो. आमच्या वेळी तर…

क्लास_फोर_अभ्यासू
काका एक शंका, कोड आय "जनरल रिमार्क्स" साठी आहे ना, दुरुस्तीला चालतो?

निवृत्त_तारवटी
राहून गेलेली नोंदसुद्धा आय खालीच करतात, आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) सर्क्युलरमध्ये उदाहरण दिलंय. दुरुस्तीचं खास उदाहरण नसेल, पण लपवलं नाही हे दिसलं पाहिजे, मुद्दा तो. आमच्या वेळी तर १२ मैलांच्या बाहेर गेलं की १०० पीपीएमपर्यंत तेल असलेलं बिल्ज (जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी) सोडायला मुभा होती, आता तुम्ही नशीबवान, मशीनच सगळं करतं.

क्लास_फोर_अभ्यासू
ते जुनं झालं काका. १९९२ ची दुरुस्ती, ६ जुलै १९९३ पासून १५ पीपीएम. आणि आताच्या रेग्युलेशन १५ मध्ये १२ मैल नाहीच. स्पेशल एरिया (जास्त कडक नियमांचा समुद्र) नसेल तर जहाज चालू हवं, पाणी फिल्टरमधून गेलेलं हवं, १५ पीपीएमच्या वर नको, टँकर असेल तर पंप रूमचं बिल्ज त्यात नको. ५० मैल नि मैलाला ३० लिटर हे टँकरच्या कार्गोचं.

निवृत्त_तारवटी
पुस्तकात १२ नसेल. माझ्या शेवटच्या तिन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये होतं, आणि कंपनीचं मॅन्युअल मोडलं तर कोण सोडवायला येतो ते सांग ओरलमध्ये.

शॅक_मोरजी
म्हणजे १५ पीपीएम टाकायला परवानगी आहे! कबूल केलंत शेवटी.

सर्व्हे_बोट
शॅकवाले, १५ पीपीएम म्हणजे हजार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर तेल, साधारण तीन चमचे. त्याचा गोळा होऊन मोरजीला येत नाही. ते गोळे होतात जड तेलाचे, टँकरची टाकी धुतलेलं पाणी किंवा गळती, वरचं हलकं उडून जातं, उरलेलं लाटांनी घुसळून घट्ट होतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर वारा किनाऱ्याकडे वळला की सगळं इकडे. दोनापावलाच्या एनआयओने (समुद्रविज्ञान संस्था) यावर बरंच काम केलंय. कुणी टाकलं ते तेलाच्या रासायनिक ठशावरून शोधता येतं, पण जुळवायला संशयित जहाजाचा नमुना हातात पाहिजे आणि तोवर जहाज कुठच्या कुठे गेलेलं असतं. समुद्रात तवंग दिसला तर कोस्ट गार्डला कळवा.

शॅक_मोरजी
कळवून काय होतं? रिव्हर प्रिन्सेस जहाज २००० साली कांदोळीला रुतलं ते काढायला बारा वर्षं लागली. एवढं मोठं जहाज दिसलं नाही कुणाला, आणि आमचे गोळे दिसणार!

फोर्थ_वास्को
रिव्हर प्रिन्सेस नंतर बोला हो. काका, आयची एंट्री लिहिली, धन्यवाद. आता चीफ म्हणतो ती मीटरची पण लिहायची का विचार.

निवृत्त_तारवटी
कसली मीटरची?

फोर्थ_वास्को
हां ते सांगायचं राहिलं. ओडब्ल्यूएसचा (बिल्जमधलं तेल-पाणी वेगळं करणारं मशीन) १५ पीपीएम मीटर मधे नऊ दिवस बंद होता. सेल खराब झाला होता, नवा कांडलाला मिळाला. आधीचा चीफ म्हणाला होता चालू झाल्यावर एकदमच लिहू, मग तो साइन ऑफ होऊन उतरला आणि कुणी लिहिलंच नाही. पण ते किरकोळ आहे ना?

सर्व्हे_बोट
अरे बाबा. व्हाइटनर किरकोळ होता. खरा प्रश्न हा आहे.

सरळ उत्तर दे. त्या नऊ दिवसांत डी १५.१ ची एकही नोंद आहे का? म्हणजे ओडब्ल्यूएसमधून बाहेर पाणी सोडल्याची, सुरुवातीची नि शेवटची पोझिशन लिहिलेली?

क्लास_फोर_अभ्यासू
बाप रे.

बार्जकर
मी पहिल्यांदाच म्हटलेलं पान फाड.

निवृत्त_तारवटी
बार्जकर, गप्प बसा हो जरा. पोरा, कुठे गेलास? हे बघ, सोडलं असेल तर इथे लिहू नकोस, आधी कॅप्टनकडे जा, कंपनीच्या डीपीएला (जहाजाच्या सुरक्षेसाठी नेमलेला किनाऱ्यावरचा माणूस) कळव. मागाहून खोटी नोंद तर अजिबात नको. २००५ नंतर बसवलेल्या मीटरमध्ये स्वतःची मेमरी असते, १८ महिन्यांचं तारीख, वेळ, अलार्म सगळं राहतं, तो मेन्यू उघडून वाचतात. अमेरिकेत एका मोठ्या क्रूझ कंपनीला २०१६ मध्ये ४ कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला, मॅजिक पाईप लावलेला, आणि सांगितलं कुणी? नव्यानेच लागलेल्या एका इंजिनियरने.

मालीम_जेटी
मॅजिक पाईप म्हणजे काय हो?

निवृत्त_तारवटी
ओडब्ल्यूएसला बगल देऊन बिल्ज थेट समुद्रात काढायला जोडलेला पाईप. तपासणी आली की काढून ठेवतात. फ्लॅन्जचा रंग नवा दिसतो, बोल्टवर स्पॅनरच्या खुणा दिसतात, त्यावरून पकडतात.

फोर्थ_वास्को
वॉचवर होतो हो, फोन वर राहिला होता, तुम्ही तर मला तुरुंगातच टाकलंत. नाही सोडलं. ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हला साखळी नि सील आहे, सील नंबर वहीत आहे, तो बदललेला नाही. सगळं पाणी बिल्ज होल्डिंग टँकमध्येच, ७.४ वरून ११.९ झालं, रोजचं साउंडिंग आहे. तिथून १५.१ ची शेवटची नोंद मीटर बंद पडायच्या चार दिवस आधीची.

सर्व्हे_बोट
मग रात्री नीट झोप. एफ कोडखाली तीन गोष्टी लागतात, १९ बंद पडल्याची वेळ, २० पुन्हा चालू झाल्याची वेळ, २१ कारण. ती राहून गेलेली नोंद म्हणून आय खाली आजच्या तारखेने, मूळ तारखा लिहून कर. सेलची डिलिव्हरी नोट आणि बदलल्याचा जॉब रिपोर्ट सोबत लाव. आणि टँकची नावं आयओपीपी (तेल प्रदूषण प्रतिबंध) सर्टिफिकेटच्या सप्लिमेंटमध्ये आहेत तशीच लिही, तिथे "बिल्ज होल्डिंग टँक" असेल तर बुकात "बिल्ज टँक पोर्ट" असं स्वतःचं बारसं करू नकोस.

क्लास_फोर_अभ्यासू
आणि बुक शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जहाजावर ठेवायचं.

मालीम_जेटी
हे मराठीत लिहिलं तर चालतं काय?

क्लास_फोर_अभ्यासू
इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश, यातली एक तरी हवीच.

बार्जकर
पोर्तुगीज नाही? मग माझे आजोबा नापास.

फोर्थ_वास्को
अपडेट. काल आला होता तो माणूस. व्हाइटनरवर बोट ठेवून मला विचारलं हे कुणी केलं, मी म्हटलं मी, त्याने आयची एंट्री वाचली आणि पान उलटलं. मीटरच्या नऊ दिवसांवर मात्र वीस मिनिटं गेली. मेन्यू उघडून तारखा जुळवल्या, सील नंबर बघितला, मग म्हणाला टेप आण, आणि स्वतः गुडघ्यावर बसून स्लज टँक साउंड केला. टेपवर पेस्ट लावली होती माझ्याच हाताने तरी माझे हात थरथरत होते. २.८ आलं. वहीत पण सकाळचं २.८ होतं. एफची नोंद उशिरा केली म्हणून रिपोर्टमध्ये एक शेरा आहे, कंपनीने उत्तर द्यायचं. चीफ आज जेवायला आला. माझा व्हाइटनर त्याने कचऱ्यात टाकला, नवीन घेतलेला होता.

निवृत्त_तारवटी
तो कचरा गार्बेज रेकॉर्ड बुकात लिहिला का?

शॅक_मोरजी
सुलभाताई, खोबरेल तेलाने पाय निघाले. खुर्चीच्या कापडाला काय लावू?