नवीन बेडूक सापडला की बरणीतच घालायचा का?

रावेरचा_केळीवाला: पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी कपाशीच्या बांधावर एक बेडूक दिसला, लिंबाएवढा, गुबगुबीत, उचलून मऊ मातीवर ठेवला तर मागच्या पायांनी माती उकरत उलटाच खाली गेला, दोन मिनिटात गायब. ओळखीच्या एका अभ्यासकाला फोटो टाकले तर म्हणे फोटोवरून नक्की सांगता येत नाही, नमुना पाहिजे. नमुना म्हणजे मारून, कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या बरणीत. पटत नाही भो. डीएनए टेस्ट आहे ना, बोटाचा तुकडा घ्या न सोडून द्या त्याला.

तापीकाठ: भाऊ, तू सांगतोय तसल्या बेडकाला आपल्याकडे वर्षानुवर्षं स्फेरोथेका ब्रेव्हिसेप्स म्हणायचे, ते नाव १७९९ चं न तेही तमिळनाडूकडच्या बेडकाचं. २०१७ ला पाध्ये, डहाणूकर वगैरे मंडळींनी नीट तपासलं तर पश्चिम भारतातला वेगळाच निघाला, त्याला नाव दिलं पश्चिमा. वरून बघशील तर सख्खे भाऊ. डीएनए सांगतं की दोघं वेगळे, पण जुनं नाव कोणाकडे राहणार हे त्यातून थोडीच कळतं, त्यासाठी ठरलेला एक नमुना लागतो, होलोटाइप, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी म्हटलं हे चुकलंय तर कपाटातून काढून परत मोजता येतो. मागच्या पायाच्या तळव्यावरचा तो माती उकरायचा फावड्यासारखा कडक उंचवटा तुझ्या फोटोत कुठे दिसतोय?

शहाद्याची_मास्तरीण: मग अरुणाचलच्या मुंझाला माकडाला २००५ मध्ये फोटोवरून नाव दिलं ते कसं चाललं? माकडाचा जीव तेवढा मोलाचा, बेडकाचा नाही?

तापीकाठ: ताई, माकड फोटोत ओळखू येतं, बेडूक नाही येत, एवढंच. न एका होलोटाइपनं बेडूक संपत नाही, कपाशीवर फवारणी करताना किती मरतात ते कोणी मोजतं का?

शहाद्याची_मास्तरीण: फवारणीचं पाप दाखवून बरणीचं धुतलं जात नाही. आणि नाव छापून आल्यावर काय होतं तेही सांगा की. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई नावाची पाल, १९९९ ला वर्णन केलं, ठिकाण शोधनिबंधात छापलं, न पाली विकणाऱ्यांनी ती जागा पार साफ करून टाकली. आता काही अभ्यासक ठिकाणच लपवतात.

तापीकाठ: हे मात्र खरंय. पालीचं मान्य. पण आपला बेडूक कोण विकत घेणार?

चोपड्याचा_आबा: तुम्ही नावावरून भांडून राहिले न तिकडं बेडूक झोपला खाली. त्यांना हात लावायच्या आधी वन खात्याला विचारा.

तापीकाठ: आबा बरोबर. केळीवाला, तोवर रात्री मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर, नराच्या हाकेवरूनही बरंच कळतं.

रावेरचा_केळीवाला: काल गेलो होतो. शेताची लाईट रात्रीचीच असते आपल्याकडे, चाळीस मिनिटं नुसती बोअरची मोटर रेकॉर्ड झाली.